प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, संशोधन नाही

गेल्या वर्षी मालेगावचा एक मुलगा आमच्याकडे आपला प्रोजेक्ट दाखवायला आला. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. निळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत सत्तर पानं. विषय होता 'ग्राहकांचे समाधान'. "एकदा नजर टाका, सबमिशनला अजून दीड महिना आहे," म्हणाला.

आम्ही सहज विचारलं, "बेटा, इथे लिहिलंय की शंभर ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घेतली. कुठे भेटलास त्यांना?" तो गप्प. पानं उलटताना एका तक्त्याखाली भलत्याच शहराचं नाव दिसलं. तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं की प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणलाय. पैसे अब्बांनी दिले होते. अब्बांना वाटलं, मुलगा पुस्तक घेतोय.

मुलगा आळशी नव्हता. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं होतं आणि वेगळं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही विषय बदलून घरची चौकशी केली. अब्बा सांचा चालवतात, म्हणजे यंत्रमागावर कामाला आहेत. मग हा मुलगा अर्धा तास थांबला नाही. मजुरी कापडावर कशी मोजतात, लाइट गेली की त्या वेळेचं काय होतं, मंदीत घरखर्चाला कात्री कुठे लागते, शेजारच्या दोघांनी माग सोडून रिक्षा का घेतली, सगळं सांगितलं. आम्ही म्हणालो, "मग हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये का नाही?" तो म्हणाला, "याला कोण संशोधन म्हणणार?"

आमच्या घराघरांत हाच गैरसमज आहे. म्हणून हा लेख.

संशोधन म्हणजे नेमकं काय?

संशोधन म्हटलं की पांढरा कोट, प्रयोगशाळा, जाडजूड इंग्रजी पुस्तकं डोळ्यांसमोर येतात. मूळ गोष्ट साधी आहे. एक असा प्रश्न घ्यायचा ज्याचं उत्तर पक्कं माहीत नाही. पुरावा गोळा करून उत्तर शोधायचं. आणि ते अशा रीतीने मांडायचं की दुसऱ्या कुणालाही तपासून बघता यावं. प्रश्न, पुरावा आणि पडताळा. यातलं एक जरी गळालं तरी उरतं ते फक्त मत.

मत आणि संशोधन यांत काय फरक पडतो, हे आपल्या समाजाने स्वतः पाहिलं आहे. मुसलमान शिक्षणात आणि नोकऱ्यांत मागे आहेत, हे वर्षानुवर्षं सभांमध्ये बोललं जात होतं. ऐकणारे ऐकून सोडून देत. मग २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००६ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने जनगणनेचे, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे आणि सरकारी खात्यांकडून मागवलेली माहिती एकत्र मांडली. अर्थतज्ज्ञ अबुसालेह शरीफ हे समितीचे सदस्य सचिव होते. त्यानंतर या विषयावर बोलणाऱ्या कुणालाही, बाजूने असो वा विरोधात, त्या आकड्यांना टाळून पुढे जाता आलं नाही. महाराष्ट्रातही २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि २०१३ मध्ये त्याचा अहवाल सादर झाला. आपल्याबद्दल कुणीतरी लिहील याची वाट किती दिवस पाहायची? आपल्या गल्लीची माहिती आपल्या मुलांइतकी कुणाकडे आहे?

आता हे का गरजेचं झालं?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांचीही करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' निवडता येतं. त्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी एम.ए., एम.कॉम. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरू शकतो. ओबीसी नॉन-क्रिमीलेयरसह काही प्रवर्गांना या गुणांत ५ टक्क्यांची सवलत देता येते. म्हणजे पूर्वी 'कसंतरी सबमिट करून टाक' म्हणून जो प्रोजेक्ट उरकला जायचा, तोच आता पुढच्या दरवाजाची चावी झाला आहे.

विषय लहान करा, अजून लहान करा

विद्यार्थ्यांची पहिली चूक विषय निवडताना होते. 'भारतातील यंत्रमाग उद्योगाच्या समस्या' हा विषय नाही, ते अख्खं कपाट आहे. त्यावर लिहायला बसलात की इकडून तिकडून उचलण्याशिवाय इलाज राहत नाही.

विषय लहान कसा करायचा ते बघा. कुठे? मालेगाव. मालेगावात कुठे? आमचा मोहल्ला. कुणाबद्दल? मजुरीवर माग चालवणारे कामगार. काय जाणून घ्यायचंय? वीज गेल्याने मजुरी किती बुडते. कधीची? गेल्या चार आठवड्यांची. आता विषय असा झाला: 'वीज खंडित होण्याचा यंत्रमाग कामगारांच्या आठवड्याच्या मजुरीवरील परिणाम: मालेगावातील एका मोहल्ल्यातील ३० कामगारांचा अभ्यास'. हा प्रश्न एका विद्यार्थ्याला दीड महिन्यात झेपतो.

याच पद्धतीने कोकणातली मुलगी आखातात गेलेल्या कुटुंबप्रमुखांच्या घरी पैशाचे निर्णय कोण घेतं हे विचारू शकते. मुंब्र्यातला मुलगा लोकलने कामाला जाणाऱ्यांचा दिवसातला किती वेळ प्रवासात जातो हे मोजू शकतो. विज्ञानाची विद्यार्थिनी आपल्या वस्तीतल्या बोअरिंगच्या पाण्याचा जडपणा तपासू शकते. विषय निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. मला यात खरंच रस आहे का? माहिती देणारी माणसं किंवा कागद माझ्या आवाक्यात आहेत का? दिलेल्या मुदतीत होईल का?

आधी कुणी काय लिहिलंय ते बघा

प्रश्न ठरला की लगेच प्रश्नावली घेऊन धावू नका. त्या विषयावर आधी काय काम झालंय ते वाचा. यालाच पूर्वसाहित्याचा आढावा म्हणतात.

गूगलवर पहिलं जे दिसलं ते उचलणं म्हणजे वाचन नव्हे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे भांडार आहे. देशभरातल्या विद्यापीठांत सादर झालेले लाखो प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, मराठी आणि उर्दूतलेही. आयआयटी खरगपूरने उभारलेली 'नॅशनल डिजिटल लायब्ररी' आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. एरवी महाग असणारी हजारो संशोधन नियतकालिकं त्यातून सरकारी व्यवस्थापनाखालच्या शिक्षणसंस्थांना मिळू लागली आहेत. आपलं कॉलेज त्यात येतं का, हे ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपाल हा कॉलेजमधला सर्वांत कमी वापरला जाणारा उस्ताद आहे!

जुन्या कागदांची ताकदही ओळखा. मालेगावच्या अनेक घरांत सांगतात की आमचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून विणकाम घेऊन इकडे आले. घरात ऐकलेली ही गोष्ट मोलाची आहे, पण संशोधनात ती सुरुवात असते, शेवट नव्हे. १८८३ साली छापलेलं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर काढून विणकरांबद्दल काय लिहिलंय ते बघायचं, जनगणनेचे जुने खंड बघायचे, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांशी बोलायचं. तिन्ही ठिकाणी एकच सापडलं तर दावा भक्कम झाला. फरक सापडला तर आणखी चांगलं, तो फरकच तुमचा पुढचा प्रश्न.

माहिती गोळा करताना

आमच्या त्या मुलाने नवा प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा पहिला प्रश्न असा लिहिला होता: 'मालक तुम्हाला कमी मजुरी देतात का?' यात उत्तर आधीच भरलेलं आहे. कामगार एक तर हो म्हणेल, नाहीतर घाबरून गप्प बसेल. आम्ही तो बदलायला लावला: 'गेल्या आठवड्यात किती दिवस काम झालं? किती मजुरी हातात आली? किती तास लाइट नव्हती?' प्रश्न असा हवा की उत्तर मोजता यावं आणि उत्तर देणाऱ्याला तुमच्या मनात काय आहे याचा अंदाज येऊ नये.

कुणाला विचारायचं हेही ठरवून घ्या. चाचा, मामू आणि चाचांचे दोस्त असे तीस जण गोळा केले तर तो मोहल्ल्याचा अभ्यास होत नाही, खानदानाचा होतो. तीन-चार वेगळे कारखाने निवडा, प्रत्येकातून ठराविक माणसं घ्या, आणि ती कशी निवडली ते प्रोजेक्टमध्ये लिहा. वेळही बघा. मालेगावात माग जुम्याला बंद असतात. कामगार घरी भेटतो तो त्याच दिवशी, नमाजनंतर निवांत. पाळी सुरू असताना, मागांच्या खडखडाटात प्रश्न विचारले तर धड उत्तर कसं मिळणार? हे बाहेरून आलेल्या संशोधकाला समजायला आठवडा जातो, तुम्हाला आधीच माहीत आहे. आपल्या मुलींना तर आणखी एक सोय आहे. ज्या घरांत परक्या पुरुषाला प्रवेश नाही तिथे त्या बसून तासभर बोलू शकतात. बायकांच्या कामाची, कमाईची, आजारपणाची माहिती त्यांच्याशिवाय कुणाला मिळणार?

माणसाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. आधी परवानगी घ्या, माहिती कशासाठी हवी ते सांगा, नाव छापू नका. 'नाही सांगायचं' म्हणाला तर शुक्रिया म्हणून उठा.

आणि हिशेबात घाई करू नका. तीसपैकी अठरा जणांनी 'मजुरी बुडाली' म्हटलं तर ते ६० टक्के होतात, पण त्या तीस जणांचे. 'मालेगावातील ६० टक्के कामगारांची मजुरी बुडते' असं लिहिलंत की प्रोजेक्ट तिथेच ढासळला. 'आम्ही भेटलेल्या ३० पैकी १८ कामगारांनी सांगितले' हे वाक्य कमी भारदस्त वाटेल, पण ते खरं आहे.

लिहिताना सनद सांभाळा

हदीसचा इल्म शिकणाऱ्यांना 'सनद' हा शब्द नवा नाही. ही गोष्ट मी अमक्याकडून ऐकली, त्यांनी तमक्याकडून, अशी सांगणाऱ्यांची साखळी. साखळीतला माणूस कोण, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो का, हे मुहद्दिसांनी बारकाईने तपासलं. संशोधनातला संदर्भ याच शिस्तीचा आहे. हे वाक्य, हा आकडा, हा विचार मी कुठून घेतला ते सांगणं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा. जे वाचाल त्याचा लेखक, वर्ष, पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि पान नंबर लगेच टिपा. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही लिहा. शब्दशः उतरवलं असेल तर वहीतच अवतरणचिन्ह टाका. नाहीतर महिन्याने आपलं वाक्य कुठलं आणि परक्याचं कुठलं हे आपल्यालाच कळत नाही. बहुतेक प्रामाणिक मुलं इथेच अडकतात. संदर्भ लिहायची पद्धत, एपीए असो की एमएलए, विभाग सांगेल ती एकच शेवटपर्यंत ठेवा.

उचलेगिरीबद्दलचे नियमही कडक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाबाबत असं म्हटलंय: १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द. काहीजण शब्द इकडचे तिकडे करून मशीनला चकवायला बघतात. पण विचार दुसऱ्याचा असेल तर शब्द बदलूनही संदर्भ द्यावाच लागतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल मुलं हमखास विचारतात. व्याकरण तपासायला, अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला मदत घ्या. कॉलेजचा नियम काय आहे ते विचारा आणि घेतलेली मदत उघड सांगा. पण ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेखक बेधडक सांगतात. जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही, तो लिहायचा नाही. झेरॉक्सच्या दुकानाऐवजी मोबाइलमधून तयार प्रोजेक्ट आणला तर फरक काय राहिला?

रचना सरळ ठेवा: प्रश्न काय होता, आधी काय माहीत होतं, मी काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय, आणि माझ्या अभ्यासाच्या मर्यादा काय. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते. वाक्यं छोटी ठेवा. 'सदर संशोधनाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की' यातला एकही शब्द माहिती देत नाही. 'असे दिसले की' पुरतं. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा.

उभं राहून बोलताना

आमच्या मुलांचं खरं पाणी इथे जोखलं जातं. घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. मुलाला सगळं येतं, पण समोर परीक्षक दिसले की तिन्ही भाषा एकदम पळून जातात.

यावर आम्हाला गुण आलेला एक उपाय सांगतो. आधी घरच्या बोलीत दादीला प्रोजेक्ट समजावून सांगा. दादीला कळला म्हणजे तुम्हाला कळला. मग तोच मराठीत बहिणीला सांगा, मग गरज असेल तर इंग्रजीत मित्राला. पाठांतर करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. मराठीत सादर करायची मुभा आहे का हे सरांना आधीच विचारा. बऱ्याचदा असते, आपणच विचारत नाही.

दहा मिनिटांसाठी आठ स्लाइड पुष्कळ झाल्या. स्लाइडवर परिच्छेद चिकटवून तो वाचून दाखवणं म्हणजे ऐकणाऱ्याचा अपमान. एका स्लाइडवर एकच मुद्दा, मोठी अक्षरं, एखादा साधा तक्ता. घड्याळ लावून तीनदा सराव करा. पेनड्राइव्ह चालला नाही तर? म्हणून छापील प्रत सोबत ठेवा.

व्हायवात बहुतेक चार-पाच प्रश्न ठरलेले असतात. हाच विषय का? माणसं कशी निवडली? सर्वांत अनपेक्षित काय सापडलं? यात काय राहून गेलं? पुढे काय कराल? उत्तर येत नसेल तर 'मी हे तपासलेलं नाही' असं सरळ म्हणा. त्याने गुण जात नाहीत. थापा मारल्याने जातात.

हिंमत आली की पुढचं मैदानही आहे. महाराष्ट्रात २००६ पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव भरतो. भाषा-मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सहा गट असतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो. आपल्या कॉलेजात त्याचे समन्वयक कोण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

तुम्ही शिकला नसाल तरी मदत करू शकता. प्रोजेक्टसाठी पैसे मागितले तर 'कशाला' विचारा. 'कुणाकुणाला भेटलास, काय सापडलं' हे रात्री जेवताना विचारा. मुलगी माहिती गोळा करायला चार घरी जाणार असेल तर तिला अडवू नका. हवं तर अम्मीने किंवा खालाने सोबत जावं. आणि तुमच्या धंद्याची, गावाची, बुजुर्गांची माहिती मुलांना सांगत राहा. ज्या कामाला तुम्ही 'आमचं काय, मजुरी' म्हणता, त्यात प्रबंध भरेल एवढं ज्ञान आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. दीड महिन्यात त्याने ३० नव्हे, २६ जणच गाठले, आणि २६ च लिहिले. प्रोजेक्ट सत्तर पानांचा नव्हता, ३४ पानांचा झाला. व्हायवात परीक्षकांनी विचारलं, "लाइट जाते तेव्हा कामगार त्या वेळेत काय करतात?" हा प्रश्न त्याच्या कुठल्याही पानावर नव्हता. पण तो २६ घरी बसून आला होता. त्याने सांगायला सुरुवात केली, आणि परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

घरी येऊन त्याने प्रोजेक्ट अब्बांच्या हातात दिला. अब्बांना मराठी नीट वाचता येत नाही. म्हणून पहिलं पान त्याने वाचून दाखवलं.